हत्राची बावीस अक्षरं

१

"उजवीकडून सुरू करायचं, पोरी. आकडा आधी, अक्षर मागाहून. अक्षर चुकलं तर खोडता येतं, आकडा चुकला की सगळी ओळ बिघडते."

दिनकरराव सर कुसुमच्या खुर्चीमागं काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहत आणि हे असं सांगत. तो मऊ, किंचित उर्दू वळणाचा आवाज आजही माझ्या कानात आहे.

दसऱ्यानंतर वर्ग उघडला त्या सकाळी मात्र पडद्यावर आकडाही नव्हता आणि अक्षरही.

कुसुमनं सवयीप्रमाणं डबीच्या डाव्या टोकाची फ्लॉपी काढली होती. ती टायपिंगच्या नमुन्यांची निघाली. आमच्या कामाची सापडली उजव्या टोकाला. तिनं ती घातली, मशीन कुरकुरलं, यादी आली ती रिकामी. तिनं फ्लॉपी काढून उजेडात धरली, परत घातली. पुन्हा रिकामी.

"बाई," माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "ह्यात काहीच न्हाई."

मी बोलू शकत नव्हते. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत माझं रोजचं मौन असतं. पण हातातली जपमाळ थांबली, तेवढं कुसुमनं पाहिलं.

खोलीत आणखी तिघं होते. दिनकरराव सर, कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे भाचे पंडितराव. ते मानवतहून रोज यष्टीनं येत, त्याच कॉलेजात नवे अधिव्याख्याते, आणि दुपारी माझ्याच मशीनवर आपलं टंकन करत. आणि भुजंग, ज्याच्या दुकानातून मी हे मशीन घेतलं तो. बिघडलं की दुरुस्तीलाही तोच येई.

भुजंगनं वाकून लेबल वाचलं. "लेबल तर तेच हाय. म्हंजे आतला माल साफ केलाय कुणीतरी." मग तो सरळ झाला आणि कुसुमकडं बघून म्हणाला, "दसऱ्याला नागपूरला कोण गेलतं?"

सर खिडकीबाहेर बघत होते.

२

काय हरवलं होतं ते सांगायला हवं.

इराकच्या वाळवंटात हत्रा नावाचं एक फार जुनं शहर आहे. तिथल्या दगडांवर आरामी लिपीतले लेख कोरलेले आहेत. सरांचा हैद्राबादचा एक वर्गमित्र तिकडं नोकरीला होता, त्यानं त्या दगडांचे फोटो काढून आणले. सरांचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं, त्यामुळं उजवीकडून डावीकडं जाणारी लिपी त्यांना परकी वाटली नाही. तीस वर्षं ते त्या फोटोंवर भिंग धरून बसले. मग हैद्राबादच्या एका संस्थेचं पत्र आलं. जुन्या लिप्या संगणकात घालायच्या आहेत, प्रत्येक अक्षराला आकडा देऊन, त्याचं रूप ठिपक्यांत बसवून, फ्लॉपीवर पाठवा.

माझा टंकलेखनाचा वर्ग परभणीत, स्टेशन रोडला. संगणक एकच, आणि त्यावर हात बसलेली मुलगीही एकच. कुसुम पिंगळीहून पॅसेंजरनं येई. सर आलेखाच्या कागदावर अक्षर काढत. भरलेला चौकोन म्हणजे एक, रिकामा म्हणजे शून्य. कुसुम ते चौकोन मशीनला सांगे.

अक्षरं बावीस, पण आकडे एकवीसच लागले. कारण 'द' आणि 'र' या दोघांचं रूप त्या लिपीत अगदी एक.

"दोन अक्षरं एका घरात राहतात," सर म्हणाले, "आणि भांडत नाहीत."

"आमच्या गावात तसं न्हाई होत सर," कुसुम म्हणाली. सर मोठ्यांदा हसले होते.

गणपतीत त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की पाठवायच्या कामावर कुसुमचं नाव वर राहील, त्यांचं खाली. कुसुमनं ते तसंच फ्लॉपीत टाइप केलं. संस्थेनं कळवलेलंच होतं, की ज्या व्यक्तीनं आकडे बसवले तिला कामावर घेऊ. फ्लॉपी दिवाळीच्या आत पोचायला हवी. कुसुमची आई रोजानं रानात जाते. घरात मिळवतं दुसरं कुणी नाही.

तेव्हा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यावरून जिल्ह्यात काय काय होऊन गेलं होतं ते मी नव्यानं सांगायला नको. नाव वर की खाली, ही गोष्ट आमच्याकडं कुणालाच लहान वाटत नव्हती.

खंडेनवमीला मी वर्गातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करते. कुसुम त्या दिवशी नव्हती. दीक्षाभूमीला जायचं म्हणून आईला घेऊन ती आदल्याच संध्याकाळी निघाली होती. मी टाइपरायटर मांडले, संगणकाला झेंडूची माळ घातली. फ्लॉप्यांच्या मधल्या खिडकीला हात लावायचा नाही, असं कुसुमनं बजावलेलं होतं. म्हणून लेबलाच्या कडेला, जपून, ओल्या हळदीचं बोट आणि त्यावर कुंकू असं प्रत्येकीला लावलं. बाजूला पाटीवर एक-एकचे आकडे मांडून सरस्वती काढली.

सर पाटीकडं बघून म्हणाले होते, "बघा नर्मदाबाई, आपली सरस्वती नुसत्या एकांचीच. त्या लोकांनी त्यात शून्य घातलं आणि मशीन केलं."

प्रसादाला सर, पंडितराव आणि भुजंग, तिघंही होते. बाया ओसरीवर केळी वाटत होत्या, पुरुषांत हे तिघंच, ते दर्शनाला आत-बाहेर करत होते. मग मी कुलूप लावलं. पूजा झाल्यावर दसरा होईपर्यंत यंत्राला हात लावत नाहीत.

३

दुपारी नैवेद्य झाल्यावर मी सरांकडं गेले. त्यांनीच निरोप धाडला होता.

"पोलीस नको," ते म्हणाले. "भुजंग फौजदाराचं नाव घ्यायलाय. तुम्ही शांतपणानं बघा. तुमच्याजवळ लोक बोलतात."

"कुसुमवर संशय आहे का तुमचा?"

"तौबा. मी कुणाचंच नाव घेत नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "खरं सांगू? नाही सापडलं तरी चालेल. कागद आहेत माझ्याजवळ. हैद्राबादला तेच पाठवीन, तिथली माणसं आकडे बसवतील. पोरीलाही त्रास नको, कुणालाच नको. जाऊ द्या."

इतका मोठेपणा पाहून मला भरून यायला हवं होतं. पण ज्याची तीस वर्षांची मेहनत गेली तो माणूस 'जाऊ द्या' म्हणतो, हे माझ्या गळी नीट उतरलं नाही.

"फक्त ते एक पुस्तक द्या मला. खालचा कप्पा, पहिला खंड."

मी डाव्या टोकाचं पुस्तक काढलं. तो शेवटचा खंड निघाला.

"उजवीकडून, नर्मदाबाई," सर हसले. "आमचं सगळं उजवीकडून."

मी पहिला खंड त्यांच्या हाती दिला आणि निघाले. दारात पंडितराव भेटले. त्यांनी वाट दिली, पण नजर दिली नाही.

४

भुजंगच्या दुकानात रिबिनींचा आणि उदबत्तीचा वास एकत्र येतो.

"काकू, तुमी लय भोळ्या," तो म्हणाला. "ह्या लोकायला जवळ केलं की असंच व्हतंय. ती गेली नागपूरला फ्लॉपी घेऊन, तितं दिली कुणाला तरी, आन् रिकामी आणून ठेवली डबीत."

"आपलंच काम ती कशाला दुसऱ्याला देईल, भुजंग? वर नाव तिचंच होतं."

"ते म्या काय सांगू?" तो जरा चाचरला. "माझ्या भावाची पोरगी बी कोर्स करून बसलीय की. तिला ठिवा. घरचं माणूस."

म्हणजे जागा हवी होती. मी काउंटरवरच्या कोऱ्या फ्लॉप्यांच्या खोक्याकडं बोट केलं. "आमच्या डबीतली ह्यातलीच दिसते."

"इतं दुसऱ्या कंपनीच्या मिळतेतच कुठं? परभणीत सगळ्यायच्या ह्याच."

"दसऱ्याआधी कुणी एखादीच सुटी नेली का?"

भुजंगनं मान खाजवली. मग खाली वाकून, आवाज उतरवून म्हणाला, "पंडितरावानं. अष्टमीला. एकच. पर तुमी माझं नाव सांगू नका. आन् दुसरं एक सांगतो काकू, सकाळी तुमच्याकडून निघालो तसाच दोन माणसं घेऊन म्या पिंगळीला जाऊन आलो. तिच्या घरातली पेटी बघितली."

"कुणाच्या परवानगीनं?"

"सरांच्या कानावर घातलं होतं की आधी," तो म्हणाला. "ते काही बोलले न्हाईत."

५

पिंगळीच्या स्टेशनावरून वस्ती दिसते. कुसुमची आई धुरपताबाई उंबऱ्यात बसून लुगडं घडी घालत होती. पेटी अजून अंगणात उघडीच पडलेली.

"या बाई," ती म्हणाली. "बसायला पोतं देते. पेटीत तुमचं काय ऱ्हायलंय का बघायला आलात?"

"आई!" आतून कुसुम ओरडली.

"काय आई? साऱ्या गल्लीसमोर उपडी केली मेल्यांनी. माझं लग्नातलं पातळ मातीत टाकलं. म्या म्हनलं, बघा, नीट बघा, चोराच्या घरात काय काय असतंय ते बघा. बाबासाहेबाचा फोटू निघाला, तो मात्र हात न लावता ठिवला. भ्यालेच असतील." ती हसली आणि हातातल्या लुगड्यावरची माती झटकू लागली. "बाई, पोरीला शिकवलं ते ह्याच्यासाठी का?"

मी पोत्यावर बसले. पाणी मागितलं. धुरपताबाईनं माझ्याकडं क्षणभर रोखून पाहिलं, मग उठून तांब्या भरून आणला. मी प्याले.

"कुसुम, त्या दिवशी निघताना फ्लॉपी कुठं ठेवली होतीस?"

"डबीत. डाव्या टोकाला. ती कायम पहिलीच असती. सर चिडवायचे, पहिली म्हंजे उजवीकडची म्हणून. पर मी आपली डाव्याच बाजूला ठेवायची." तिनं ओठ चावला. "बाई, दिवाळीच्या आत परत सगळं करता यायचं न्हाई. आन् झालं तरी आता माझं नाव कोण लिहील? चोराचं?"

"तू घेतली नाहीस, एवढं एकदा माझ्याकडं बघून सांग."

तिनं बघितलं. "न्हाई घेतली."

मला तिचं पटलं. पण माझं पटून काय होणार? भुजंगला, गावाला, हैद्राबादला पटायला हवं होतं. उठताना धुरपताबाई म्हणाली, "बाई, चोर सापडला तर त्याला एकदा हितं आणा. मारणार न्हाई. नुस्तं बघायचंय."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी पंडितराव वर्गात आले. माझं मौन चालू होतं. मी खुर्ची पुढं केली आणि माळ ओढत राहिले.

न बोलणाऱ्या बाईसमोर माणसं जास्त बोलतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

"भुजंगनं तुम्हाला सांगितलंच असेल," ते म्हणाले. "हो, मी कोरी फ्लॉपी विकत घेतली. माझ्या प्रबंधासाठी." थोडं थांबून, "प्रबंध अजून सुरू नाही केला, पण लागेलच." मग पुन्हा, "तुम्ही अशा बघू नका काकू. मी त्या मुलीचं वाईट चिंतलेलं नाही. मामांच्या कामावर तिचं नाव वर, हे घरात कुणाला आवडलं नाही, मान्य आहे. आमच्या आईनं तर मामांना जेवताना टोचून टोचून हैराण केलं. मामांच्या बैठकीत येणारे लोकही हसले. पण म्हणून मी चोरी करीन?"

मी माळेचा मणी पुढं ढकलला.

"तुमची हरवलेलीही मीच घेतली म्हणून सांगा हवं तर," ते एकदम म्हणाले. उठले आणि खुर्ची न सारताच निघून गेले.

निर्दोष माणूस रागावतो. दोषी माणूस टाळतो. हे गृहस्थ गुन्हा अंगावर घ्यायला तयार झाले होते, तेही मी एक शब्द न विचारता. माणूस असं कुणासाठी करतो?

मी ती रिकामी फ्लॉपी काढून देवघराजवळच्या उजेडात नेली. आणि कालपासून डोळ्यांसमोर असलेली गोष्ट तेव्हा कुठं मला दिसली.

लेबलावर माझ्या बोटाचं हळदकुंकू होतं. पण अर्धंच. लेबलाची कड जिथं संपत होती तिथं ते सुरीनं कापल्यासारखं संपत होतं. पुढच्या काळ्या अंगावर काहीच नव्हतं.

मी बोट कडेवर ठेवलं होतं. अर्धं लेबलावर, अर्धं काळ्यावर. बाकीच्या फ्लॉप्या काढून पाहिल्या. सगळ्यांवर तसंच होतं, आणि काळ्यावरचं कुंकू नखानं खरवडलं तरी सुटत नव्हतं. म्हणजे ते आपोआप झडलेलं नव्हतं.

म्हणजे ही आमची फ्लॉपी नव्हतीच. आमचं लेबल काढून कोऱ्या फ्लॉपीवर चिकटवलं होतं. आणि ते पूजेनंतर, कारण कुंकू लेबलाबरोबर आलं होतं. पूजेच्या वेळी कुसुम आईबरोबर नागपुरात होती.

मी हात जोडले. कुसुम सुटली होती. पण आता उरलेल्या तिघांपैकी एकाला धरायचं होतं, आणि तो कोण हे मला हळूहळू कळायला लागलं होतं.

७

संध्याकाळी मी कुसुमला बरोबर घेऊन, भुजंग काय बोलला ते वाटेत तिला सांगत, सरांकडं गेले. पंडितराव तिथंच होते. भुजंगलाही बोलावून घेतलं. त्यानं पेटी उघडली होती, त्यानं ऐकायला हवं होतं.

आधी कुंकवाची गोष्ट सांगितली. भुजंगनं फ्लॉपी हातात घेऊन कड बघितली आणि त्याचा चेहरा उतरला.

"म्हंजे आमी तिघंच ऱ्हायलो," तो म्हणाला. "म्या न्हाई काकू, आईची आण!"

"तू नाहीस. पंडितरावही नाहीत."

पंडितराव पुढं झाले. "काकू, मी म्हटलं ना, मीच—"

"बसा पंडितराव. तुम्हाला मशीन चालवता येतं. दुपारी ते तुम्हालाच मोकळं असतं, वर्षभर. काम हवं होतं तर नक्कल काढून घेतली असती, मूळ जिथल्या तिथं राहिलं असतं, कुणाला कळलंही नसतं. काम नको होतं तर दोन बोटं दाबून पुसून टाकलं असतं. भुजंगचंही तेच. कुसुमचंही तेच. लेबल सोडवून, दुसरीवर चिकटवून, पहिली उचलून नेणं, हा खटाटोप कोण करील? ज्याला नक्कल काढता येत नाही, पुसताही येत नाही, तो. ज्याच्या लेखी फ्लॉपी म्हणजे पोथी, उचलून नेली की गेली." मी थोडं थांबले. "पूजेनंतर आत गेलेल्यांत असे दोघंच होते. एक मी."

सर काठीच्या मुठीकडं बघत होते.

"तुम्ही फ्लॉपी परत ठेवली ती पहिली म्हणून ठेवली, सर. पण तुमची पहिली. कुसुमची पहिली डाव्या टोकाला असते. आम्हाला ती उजव्या टोकाला सापडली. ह्या खोलीत उजवीकडून मोजणारे तुम्ही एकटेच आहात."

"मामा," पंडितराव कळवळून म्हणाले, "मी कुणाला काही बोललो नाही."

"ठाऊक आहे मला," सर म्हणाले. "कोरी फ्लॉपी आण म्हणालो तेव्हाच तू ओळखायला हवं होतंस. मग ओळखलंस. आणि गप्प बसलास. आपल्या घरात गप्प बसायची सवयच आहे." ते उठले. खालच्या कप्प्यात हात घालून पुस्तकांच्या मागून त्यांनी कागदात गुंडाळलेली फ्लॉपी काढली. काळ्या अंगावर उरलेलं अर्धं कुंकू होतं.

कुसुमनं ती घेतली नाही. तिनं फक्त विचारलं, "का, सर?"

सरांनी फ्लॉपी मेजावर ठेवली.

"विद्यापीठाचं नाव बदललंच पाहिजे, असं मी भर सभेत बोललोय, पोरी. टाळ्या घेतल्यात. तुझं नाव वर राहील, हेही मीच बोललो, आणि त्याही टाळ्या घेतल्या. मग घरी आल्यावर तो कागद समोर धरला. वर तू, खाली मी. तीस वर्षं, आणि खाली मी. काढ म्हणायला तुझ्यासमोर तोंड नव्हतं. हरवलं तर कुणाला काही म्हणावं लागणार नाही, वाटलं. कागद धाडले असते, तिकडं कुणीतरी नव्यानं बसवलं असतं. मी एकटा राहिलो असतो."

"आन् मी चोर राहिले असते," कुसुम म्हणाली.

"तुझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं."

"खोटं," ती म्हणाली. अगदी हळू. "भुजंगभाऊ पेटी उघडायला चालले, हे तुमच्या कानावर होतं."

भुजंग भिंतीला टेकून उभा होता. त्याला कुठं बघावं ते सुचत नव्हतं.

"मी हैद्राबादला सगळं लिहितो," सर म्हणाले. "आजच. माझं नावच नको त्यावर."

"नाव राहू द्या तुमचं. अक्षरं तुमचीच हायत." कुसुमनं पुढं होऊन फ्लॉपी घेतली, पदरात धरली. "मला तुमची माफी नको सर. तुमच्याशी मला सध्या बोलायचंच न्हाई. पर माझ्या आईची पेटी गल्लीसमोर उपडी झाली. तिला गल्लीसमोरच सांगा. घेतलं कुणी ते. तुमच्या तोंडानं."

"पत्र लिहून देतो मी, सही करून," पंडितराव मध्येच म्हणाले. "मामांचे गुडघे—"

"आईला वाचता येत न्हाई," कुसुम म्हणाली.

सरांनी भाच्याला हातानं थांबवलं. "कधी असतात त्या घरी?"

"बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी रानात जात न्हाई. सगळी वस्तीच घरी असती."

"येईन," सर म्हणाले. "जबान देतो."

"बघू," ती म्हणाली आणि बाहेर पडली. चपला घालून ती फाटकापर्यंत गेली तरी मागं वळली नाही.

भुजंग माझ्यामागून आला. "काकू, म्या बी जाऊ का पिंगळीला?"

"ते मला कशाला विचारतोस?"

८

बाजाराच्या दिवशी सकाळी मी फ्लॉपीचं पाकीट टाकायला स्टेशनावरच्या डाकघरात गेले. वर दोन्ही नावं कुसुमच्या हातची, होती तशी. तिचं वर, सरांचं खाली. हे काम तिनं माझ्याकडं दिलं होतं, कारण त्या सकाळी तिला घरी थांबायचं होतं.

तिकिटाच्या खिडकीपाशी मला सर दिसले. धुतलेलं धोतर, बंद गळ्याचा कोट, जो मी त्यांच्या निरोप समारंभानंतर पाहिला नव्हता. पंडितराव त्यांच्या कोपराला धरून काहीतरी सांगत होते.

"मामा, लोक काय म्हणतील? त्या वस्तीत तुम्ही भर दिवसा उभं राहून... निदान मला तरी येऊ द्या बरोबर."

"तू आलास तर तूच बोलशील," सर म्हणाले. "सोड."

"त्यांनी अंगावर माणसं घातली तर?"

"मग घातली."

त्यांनी कोपर सोडवून घेतलं. खिडकीत वाकून पैसे सारले. "पिंगळी. एक." कारकुनानं ओळखलं असावं, तो अर्धा उठला. "सर, तुम्ही? पिंगळीत कुणाकडं?"

"धुरपताबाईंकडं," सरांनी सांगितलं. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पॅसेंजर लागली. पायरी उंच होती. भाजीचे हारे घेऊन चढलेल्या एका बाईनं त्यांना हात दिला, आतली जागाही रिकामी करून दिली. सरांनी मान हलवून नको म्हटलं. पिंगळी पुढचंच स्टेशन, गाडी तिथं क्षणभरच थांबते. गाडी हलली तेव्हा ते दाराशीच उभे होते, दांडा धरून, उतरायच्या बाजूला तोंड करून.